वस्ताद परत आला तो रविवार

वस्तादाला मी एकदा मारलं आणि एकदा जिवंत केलं. दोन्ही वेळा पगारी नोकर म्हणून. मारताना थोडा अभिमानच वाटला होता. जिवंत करताना पेन दोनदा खाली ठेवलं.

संपादकांनी नोकरीतले अनुभव मागितले, तेव्हा त्यांच्या मनात माझी शाळेतली पंचवीस वर्षं असणार. ती नोकरी मी नीट केली, त्यामुळे तिच्याबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही. त्याआधी तीन वर्षं मी सांगलीत, विश्रामबागेतल्या एका केबल सेंटरवर, जपानी कार्टूनना मराठी बोलायला लावायचं काम केलं. लिहायचं ते त्याबद्दलच. लिहायला फार वेळ लागतो आहे. एक परिच्छेद झाला की उठते, दार उघडून बघते, परत बसते. माझ्या सासूबाई, ज्यांना मी आत्या म्हणायचे, चैत्रात गेल्या. तेव्हापासून घरात एका जागी बसवत नाही.

नव्वदचं दशक अर्धं सरलं होतं. गच्च्यांवर थाळीएवढ्या नव्हे, कढईएवढ्या अँटेना बसल्या होत्या आणि विजेच्या खांबांवरून, झाडांवरून काळ्या वायरी घरोघर गेल्या होत्या. दिलीपभाऊ आधी टीव्ही दुरुस्त करायचे, ते केबलवाले झाले. प्रत्येक केबलवाल्याचं एक घरचं चॅनल असे. त्यावर व्हीसीआर लावून सिनेमे, गल्लीतली लग्नं, गणपतीची मिरवणूक, चुकलेल्या म्हशीची सूचना असं सगळं चाले. दिलीपभाऊंचा मेहुणा जहाजावर होता. तो जपानी कार्टूनच्या कॅसेटी आणायचा. नकलेची नक्कल, तिची नक्कल. भाषा जपानी आणि चित्राखाली पुसट इंग्रजी अक्षरं.

"पोरं काय कळत नसलं तरी डोळं फाडून बघत्यात," दिलीपभाऊ मला म्हणाले होते. "तुमी इंग्रजीत एम. ए. हाय. मराठीत लिवून द्या. बोलायला शामराव हायत."

शामराव म्हणजे गावोगावच्या कुस्ती मैदानात निवेदन करणारे. दर रविवारी सकाळी दहाला कॅसेट चालू व्हायची, दिलीपभाऊ जपानी आवाज बारीक करायचे आणि शामराव माइकसमोर बसून माझ्या वहीतून वाचायचे. सगळं थेट, चुकलं तर चुकलं. बायकांचे आवाज माझ्याकडे. मी आधी नको म्हटलं होतं, पण शामरावांनी एका राजकन्येचं बोलणं वाचून दाखवलं आणि मी माइक जवळ ओढला.

काम असं होतं. दुपारी सेंटरवर कॅसेट लावायची, अक्षरं आली की थांबवायची. थांबवलं की चित्र थरथरायचं, पांढऱ्या रेघा नेमक्या अक्षरांवरूनच जायच्या. मग मागे, पुन्हा पुढे. वहीत डावीकडे व्हीसीआरच्या काउंटरचा आकडा, उजवीकडे वाक्य. शामराव आकडा बघून वाक्य सोडायचे. एकदा दिलीपभाऊंनी मला न सांगता रविवारी दुसरा व्हीसीआर जोडला. त्याचा काउंटर वेगळा पळायचा. त्या दिवशी शिंगं असलेला राक्षस तोंड वासून माझ्या आवाजात म्हणाला, "मला भूक लागलीय हो." लगेच फोन आला. हळदीच्या पेठेतले एक व्यापारी होते. रागावले असतील म्हणून मी जीभ चावली, तर ते म्हणाले, "बाई, राक्षस लय ग्वाड बोलला. आता त्याला काय तरी खायला द्या." पुढच्या रविवारीही त्यांनी फोन करून राक्षस जेवला का विचारलं.

मी या कामाला आले त्याचं कारणही सांगायला हवं. माझे यजमान फौजेत होते. आमचं गाव कोरेगाव तालुक्यातलं, तिथे घरटी एक माणूस फौजेत. लग्नाला तीन वर्षं झाली होती. बर्फात गस्तीवर असताना कडा कोसळला. तुकडीतले बाकीचे सापडले, हे सापडले नाहीत. बर्फ वितळल्यावर पुन्हा शोधलं, तेव्हाही नाहीत. सरकारी कागदाने ते गेल्याचं ठरवलं. आत्यांनी ठरवलं नाही.

माझं माहेर सांगलीचं, म्हणून मी आत्यांना घेऊन इकडे आले. निघताना त्यांनी गावच्या घराच्या दारावर रंगाऱ्याकडून ऑइलपेंटने लिहून घेतलं, 'सुभाष, आम्ही सांगलीस आहोत', आणि खाली सगळा पत्ता, खोली नंबरासकट. सांगलीत रोज संध्याकाळी भाकरी थापल्या की पहिल्या भाकरीचा एक तुकडा मोडून त्या दाराजवळच्या कोनाड्यात ठेवायच्या, शेजारी तांब्याभर पाणी. लांबून आलेल्या माणसावरून भाकरतुकडा ओवाळून टाकल्याशिवाय त्याला उंबरा ओलांडू देत नाहीत. "ऐनवेळी हुडकत बसायला नको," त्या म्हणायच्या. सकाळी तो तुकडा गल्लीतल्या कुत्रीला जायचा.

चुलत सासरे दोनदा येऊन गेले होते. देह मिळाला नाही तर दर्भाची प्रतिमा करून विधी करतात, तो करून टाका, एवढंच त्यांचं म्हणणं. आत्यांनी त्यांना चहा दिला आणि म्हणाल्या, "गवताचा बाहुला जाळू व्हय, माज्या लेकाच्या नावानं?" ते परत आले नाहीत.

त्यामुळे मी सवाष्ण की विधवा, हे कुणालाच ठरवता येत नव्हतं. चैत्रात हळदीकुंकवाचं बोलावणं करायला शेजारणी यायच्या, आमच्या जिन्यात थोडं घुटमळायच्या आणि वरच्या मजल्यावर निघून जायच्या. मला त्यांचा राग यायचा नाही. मीही तशीच घुटमळत होते, माझ्याच जिन्यात. दिवसभर अक्षरं वाचत बसण्याची नोकरी मला म्हणूनच बरी वाटली. तिथे काय झालं ते खाली लिहिलेलं असायचं.

ज्या मालिकेने आमचं चॅनल गाजलं, तिला आम्ही 'सात दरवाज्यांचा किल्ला' म्हणायचो. डोंगरावरचा किल्ला, त्याला सात दरवाजे, आत कोंडलेलं गाव, आणि ते सोडवायला निघालेले एक गुरू आणि तीन शिष्य. जपानी नावं शामरावांच्या जिभेवर बसेनात. "वैनी, ह्याचं नाव घेतलं की मला शिंक येती," ते म्हणाले. मग गुरूचा झाला वस्ताद आणि शिष्य झाले थोरला, मधला आणि धाकटी. वस्ताद नाव सांगलीत एका दिवसात रुजलं. तालमीतल्या पैलवानांनी रविवारचा मेहनतीचा वेळ बदलून घेतला.

पहिल्या पाच कॅसेटी खरंच सुंदर लिहिलेल्या होत्या. वस्ताद फार बोलायचा नाही. धाकटी सगळ्यांत हुशार, वाऱ्यावरून रस्ता ओळखायची. मग किल्ला सुरू झाला आणि लिहिणारा दमला. प्रत्येक दरवाज्याशी एक राखणदार. तो आधी हसायचा, मग आपल्या बालपणाची गोष्ट सांगायचा, मग हरायचा. तीन दरवाजे हेच. आणि धाकटी रस्ता विसरली. तिच्या वाट्याला नुसतं "दादा!" ओरडणं आलं. एका कॅसेटीत मी एकवीस वेळा "दादा" लिहिलं. शेवटी न राहवून तिच्या तोंडी एक वाक्य घातलं: "वारा डावीकडून येतोय, तिकडे वाट असेल."

शामरावांनी तालीम करताना वही खाली ठेवली. "हे टीव्हीत लिवलंय का वैनी?"

"नाही."

"मग?"

"तिला आधी येत होतं. विसरेल कशी?"

त्यांनी विचार केला. "बरोबर हाय. शिकलेला डाव पैलवान विसरत न्हाई. चुकंल, पण विसरत न्हाई."

हीच माझी पहिली लबाडी. तिचं कौतुक झालं, म्हणून दुसरी करायचं धाडस आलं.

चौथ्या दरवाज्याशी वस्ताद गेला. वरून दगडी दार खाली येत होतं. त्याने ते खांद्यावर पेललं आणि पोरांना खालून जाऊ दिलं. खाली इंग्रजीत एकच शब्द होता, जा. मी लिहिलं, "जा. मागं बघू नका." बाकी काही नाही. दार कोसळलं, धूळ उठली, वस्तादाच्या पटक्याचं एक टोक दाराखाली दिसत राहिलं. जन्मभर मैदानात ओरडलेले शामराव ते वाक्य इतक्या हळू बोलले की दिलीपभाऊंनी माइक बंद पडला का म्हणून वायर हलवून बघितली.

दुसऱ्या दिवशी भाजीवाली माझ्या पिशवीत मेथी टाकेना. "काय वो बाई, त्याला मारायला काय झालं तुमास्नी?"

"मी नाही मारलं."

"तुमीच लिवता म्हणं."

मला हे आवडलं होतं, खोटं कशाला बोलू. त्या मरणात एक शब्द जास्त नव्हता. पण त्या रविवारी मी घरी गेले तेव्हा आत्या टीव्ही बंद करून पडद्याकडे बघत बसल्या होत्या.

"नलू, त्याचं अंग घावलं का?"

"दाराखाली गेले ते, आत्या."

"दाखवलं न्हाई की," त्या म्हणाल्या आणि भाकरीचं पीठ घ्यायला उठल्या.

मग तीन रविवार वस्तादाशिवाय गेले आणि बारावी कॅसेट आली. दुपारी सेंटरवर मी एकटीच ती बघत होते. सहाव्या दरवाज्याशी शिष्य हरायला आले आहेत, आणि धुक्यातून वस्ताद. हाताला पट्टी. मी कॅसेट थांबवली. थरथरत्या चित्राखाली लिहिलं होतं, 'मी मेलो असं वाटलं तुम्हाला?' पुढे, 'मला एका कोळ्याने वाचवलं.' एवढंच. पुढच्या चित्रात मारामारी सुरू.

मी मोठ्याने हसले. डोंगरावरचा किल्ला, बारा कॅसेटींत तिथे एक विहीर दाखवलेली नाही, आणि मासे धरणारा कोळी! बाहेरून दिलीपभाऊ म्हणाले, "काय वैनी, लय विनोदी हाय काय?"

हसता हसता मला आत्या आठवल्या. रविवारी त्या टीव्हीसमोर बसतील. अंग न सापडलेला माणूस परत आलेला बघतील. तीन वर्षांत मी बोलून बोलून आणि चुलत सासऱ्यांनी दोनदा येऊन आत्यांना जे एक बोटभर सरकवलं होतं, ते सगळं हा कोळी घेऊन जाणार. आणि तो भाकरीचा तुकडा मला जन्मभर कोनाड्यात बघावा लागणार.

मी वहीत लिहिलं, "मी तुमच्या वस्तादाचा जुळा भाऊ."

शामरावांनी ते वाचलं, मग कॅसेट बघितली. वस्तादाचा उजवा कान लढाईत अर्धा तुटलेला होता. "वैनी," ते म्हणाले, "जुळ्यांचं कानबी संगंच तुटत्यात व्हय?"

शामरावांना माझ्या घरचं माहीत होतं. "बरं," ते म्हणाले. "तुमी लिवलंय, मी वाचतो. पर कुस्ती चितपट न्हाई झाली ही."

त्या रविवारी एक गोष्ट मी विसरले होते. इंग्रजी अक्षरं मला दिसतात तशी सगळ्यांना दिसतात. विश्रामबागेत कॉलेजं आहेत. शामराव "जुळा भाऊ" म्हणाले आणि दोन मिनिटांत फोन सुरू झाले. खाली वेगळंच लिहिलंय, तुम्ही आम्हाला अडाणी समजता काय, आजवर असं किती बदललंत? या शेवटच्या प्रश्नाने मला खरी लाज वाटली. धाकटीचं ते वाऱ्याचं वाक्यही आता खोट्यात जमा झालं.

दिलीपभाऊ ओरडले नाहीत. "वैनी, वस्ताद आता लोकांचा हाय. आपला न्हाई. पुढच्या रविवारी तीच कॅसेट पुन्यांदा लावू. जसं हाय तसं लिवा."

घरी आले. आत्यांनी दार उघडलं आणि बाजूला झाल्या नाहीत.

"त्योच हाय त्यो," त्या म्हणाल्या. "डोळं फुटल्यात व्हय माजं? कान बगितला मी."

"आत्या, ती कार्टूनची गोष्ट..."

"आगं, गोष्ट हाय ते मलाबी कळतंय. त्यो जित्ता आला, तर तू त्याला दुसराच केलास. का?" मग त्या हळू म्हणाल्या, "तुला त्यो यायलाच नकोय."

त्या कोणाबद्दल बोलत होत्या हे आम्हा दोघींनाही कळलं. मला 'नाही' म्हणता आलं नाही. 'हो'ही खरं नव्हतं. मला फक्त कळायला हवं होतं. पण असं सांगायला माझ्याकडे शब्द नव्हते, आणि शब्द हेच माझं काम होतं.

तो आठवडा आम्ही एकमेकींना ताट वाढलं आणि बोललो नाही. मी बारावी कॅसेट पुन्हा लिहिली. 'मी मेलो असं वाटलं तुम्हाला?' या वाक्याशी एकदा पेन ठेवलं, कोळ्यापाशी दुसऱ्यांदा. काही मिळवलं नाही, काही गाळलं नाही. इतकं प्रामाणिक आणि इतकं वाईट मी कधी लिहिलं नसेल.

रविवारी निघताना आत्या पदर डोक्यावर घेऊन चपला घालत होत्या. "म्या तितंच येऊन बगते. घरात तू काय लिवतीस आन् तितं काय बोलत्यात, कुणास ठाऊक."

दिलीपभाऊंनी त्यांना स्टूल दिलं. आमच्या मागे, छोट्या टीव्हीसमोर त्या ताठ बसल्या. धुकं आलं, वस्ताद आला. शामराव अस्सल मैदानी आवाजात गरजले, "मी मेलो असं वाटलं तुम्हाला?" बाहेर गल्लीत कुणीतरी फटाका लावला. मी धाकटीचं "वस्ताद!" म्हटलं. आत्या मागे होत्या. मी वळले नाही. आकडे चुकले असते.

कॅसेट संपली. शामराव घाम पुसत म्हणाले, "आला बगा मावशी, तुमचा वस्ताद."

आत्या अजून टीव्हीकडेच बघत होत्या. पडद्यावर आता सोनाराची जाहिरात होती.

"आसं येत्यात व्हय?" त्या म्हणाल्या.

"म्हंजी?"

"आवं, मेलेला माणूस दारात हुबा ऱ्हायला आन् एकानं इचारलं न्हाई, कवा आलास, कुटं हुतास? पाणी न्हाई, गुळाचा खडा न्हाई. रडलं का एक तरी पोरगं? लगी पळाली पुढच्या दरवाज्याला." त्या माझ्याकडे वळल्या. "आन् त्याला पत्ता कुणी दिला, नलू? ती चौथ्या दरवाज्यावरनं सहाव्याला गेलती. त्याला कसं कळलं?"

"ते सांगितलं नाही, आत्या."

"तू गाळलंस?"

"नाही. त्यांनीच लिहिलं नाही."

त्यांनी माझा चेहरा निरखून बघितला. मी खोटं बोलत नाही, याची खात्री करून घेत असाव्यात. मग गुडघ्यावर हात ठेवून उठल्या.

"ज्यानं लिवलंय," त्या म्हणाल्या, "त्यानं कुणाची वाट बगितलेली न्हाई."

शामराव नंतर कितीतरी दिवस हे वाक्य कुस्तीच्या मैदानात सुद्धा सांगायचे, कुणाच्या संदर्भात ते देव जाणे.

आम्ही चालत घरी आलो. वाटेत आत्या एकदा थांबून म्हणाल्या, "डोंगरावर कोळी!" आणि मला वाटतं त्या हसल्या. संध्याकाळी भाकरी केल्या. पहिली भाकरी आली, दुसरी आली. त्यांनी तुकडा मोडला नाही. पाच-सहा दिवसांनी तांदूळ निवडताना म्हणाल्या, "गावाकडं निरोप धाड. दर्भ आणा म्हणावं."

विधी कृष्णेच्या घाटावर झाला. प्रतिमा अगदी लहान होती. आत्यांनी तिच्यावरून हात फिरवला, एखाद्या पोराचे केस सारखे करावेत तसा, आणि बाजूला झाल्या. गावच्या दारावरचा पत्ता त्यांनी पुसायला सांगितला नाही, पण पुन्हा रंगवूनही घेतला नाही. तो उन्हापावसाने गेला.

मी तेव्हापासून कच्च्या लेखनाला सरसकट नावं ठेवत नाही. माझ्या घोटीव 'जा, मागं बघू नका'नं आत्यांना नुसतं विचारायला लावलं, अंग सापडलं का. त्या गचाळ कोळ्याने त्यांना उत्तर दिलं: असं कुणी परत येतं ते गोष्टीतच. पुढे मेहुण्याचं जहाज बदललं, कॅसेटी बंद झाल्या आणि सातवा दरवाजा सांगलीत कुणी पाहिलाच नाही. शेवट तुम्हीच लिहा म्हणून लोक मागे लागले. मी नाही लिहिला. याची थोडी खंत आहे. निदान धाकटीला रस्ता सापडू द्यायला हवा होता.

एक गोष्ट मात्र शामरावांना किंवा कुणालाच मी सांगितलेली नाही. घाटावरून परत आलो त्या संध्याकाळी आत्या पडून होत्या, म्हणून भाकरी मी थापल्या. पहिली भाकरी तव्यावरून काढली आणि हाताने आपोआप तुकडा मोडला. कोनाड्यात ठेवला, तांब्या भरला. दुसऱ्या दिवशीही. इंग्रजीत एम. ए. झालेली, चित्रातला कोळी बघून हसलेली मी. आत्यांच्या नजरेला पडू नये म्हणून तांब्यामागे सरकवून ठेवायचे, आणि सकाळी त्या उठायच्या आत कुत्रीला टाकायचे.

चौथ्या की पाचव्या संध्याकाळी त्या मागे येऊन उभ्या राहिल्याचं मला कळलं नाही. मी तुकडा ठेवून वळले तर समोर त्याच. माझा हात अजून कोनाड्यातच होता. मला वाटलं, आता विचारतील.

त्यांनी फडताळातून एक वाटी काढली आणि माझ्या हातात दिली.

"उगडा ठिवू नगंस," त्या म्हणाल्या. "मुंग्या लागत्यात."